व्यालेली मेंढी चालेल एवढी वाट

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी समजलंच नाही. हे कोणाच्या हाती पडलं तर त्यानं माफ करावं. चौथीपर्यंत शिकले, तेही सलग नाही. आमचा मेंढरांचा वाडा जिथं मुक्कामाला असेल तिथल्या शाळेत मागं बसायचं, आणि वाडा हलला की शाळा बंद. वाडा म्हणजे दगडमातीचा नव्हे. मेंढरं, घोडं, जाळी, कुत्री आणि माणसं, एवढं मिळून आमचा वाडा होतो.

कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. परवा दवाखान्यात नवीन लागलेली नर्स मला म्हणाली, "मावशी, मला खोली बघायचीय. कुठल्या भागात बघू?" मी म्हणाले, "चालत येता येईल अशी बघ." ती हसली आणि कामाला लागली. माझ्या तोंडून जास्त निघत नाही. पण घरी आल्यावर ते मनातून जाईना.

नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची असेन. मूल झालं नाही, एवढं कारण त्याला पुरलं. सासरचे म्हणाले, ऱ्हायचं तर ऱ्हा, मेंढरामागं माणूस लागतंच. म्हणजे तिच्या हाताखाली राबायचं. मी आबांकडे, माझ्या वडिलांकडे, परत आले. तेव्हा वाडा पाचोडच्या आसपास होता. धाकट्या भावाचं लग्न ठरत आलं होतं. पोरीकडच्यांनी चहा पिता पिता विचारलं, "बहीण पाहुणी हाय का कायमची?" आबा म्हणाले, "तिची ती बघणार हाय." मी पालाच्या मागं भाकरी थापत होते. मला तेव्हाच कळलं की लग्नाच्या आधी मला कुठंतरी जावं लागणार.

पाचोडच्या बाजारात आबांच्या ओळखीचा एक शेतकरी होता. त्याची लेक शहरात औरंगपुऱ्यातल्या एका प्रसूतीच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. दवाखान्याला आया पाहिजे असं त्यानं सांगितलं. आबांनी मला विचारलं तर मी म्हणाले, मला काय येतंय? आबा म्हणाले, "येवढी कोकरं काढली तू. माणसाच्या लेकराला काय शेपूट असतंय व्हय?"

मला काम मिळालं. निळी साडी मिळाली. कपडे धुणं, फरशी पुसणं, बाळंतिणीला उठवून बसवणं. मी कोणाशी बोलत नसे आणि तिथं त्याचं कोणाला वाईटही वाटत नसे. महिन्याला पगार हातात पडायचा. सासरी जायचं नाही, भावाच्या संसारात अडगळ व्हायचं नाही, एवढं या कामानं मिळणार होतं. काम गेलं तर या दोन्हींपैकी एक दार उघडं होतं आणि दोन्ही दारं मला नको होती.

अडचण राहण्याची होती. चुलत भाऊ शहराबाहेर चितेगावला कंपनीत होता, त्याच्याकडे उतरले. एका खोलीत तो, वहिनी, त्यांची दोन लेकरं आणि मी. सकाळी अंधार असताना काळीपिवळी जीप धरायची, माणसांच्या मांडीला मांडी लावून स्टेशनपर्यंत यायचं, मग सीटची रिक्षा. जीप कशीतरी जमायची, कारण ती स्टेशनला आपोआप रिकामी होते. रिक्षा आपोआप थांबत नाही. "थांबवा" म्हणावं लागतं.

मला ते म्हणता येत नसे. हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. पैठण गेट जवळ आलं की उतरायचं म्हणून मी पैसे मुठीत काढून ठेवायची. आता म्हणू, पुढच्या दुकानापाशी म्हणू, असं करत गुलमंडी मागं पडायची. दुसरं कोणी उतरलं तर मी त्याच्यामागं उतरायची. नाही उतरलं तर रिक्षा थेट शहागंजला जायची. तिथून मी पळत मागं यायची. एक रिक्षावाला म्हणाला, "अरे, पहले बोलना था ना! मुंह में मूंग भरे क्या?" सगळे हसले. मी पदर तोंडाला लावून खाली उतरले आणि पैसेही जास्त दिले.

डॉक्टरांची बायको दवाखान्याचं सगळं बघायची. तिनं एकदा सोडलं, दोनदा सोडलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "रात्रपाळीची बाई तुझ्यासाठी ताटकळत बसते. आता उशीर झाला तर येऊच नकोस."

वहिनीही कंटाळली होती. "आमच्या हितून जमत नसंल तर गावात बघा की कुठं. लोकं बघत्यातच ना," असं ती भावाला सांगायची, मी ऐकेन एवढ्या आवाजात.

मी आबांना निरोप पाठवला. माझ्या सुट्टीच्या दिवशी आबा दवाखान्याच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले. खांद्यावर घोंगडी, काठीवर हनुवटी. वॉचमननं त्यांना आत घेतलं नव्हतं. "ह्यो मला ओसरीला बी बसू देईना," आबा म्हणाले, "म्हणतो पेशंट कुठंय. म्हणलं मीच बापय तिचा, अजून कोन पायजे?"

खोली कुठं बघायची हे मला माहीत नव्हतं. आबांना होतं. वाडा कुठं टाकायचा हे त्यांनी जन्मभर ठरवलं होतं. ते म्हणाले, "पानी धर अन् तिथून मागं मोज. तुझं पानी म्हंजी ह्यो दवाखाना. व्यालेली मेंढी पान्यावर जाऊन माघारी येईल, तेवढंच लांब बसायचं." आणि निघाल्यावर मी भराभर चालायला लागले तसं मला धरून थांबवलं. "सकाळचं चालनं धरू नको. सकाळी समदेच चालत्यात. पाळी करून, पाय भरून आल्यावर जेवढं चालशील तेवढं धर."

मग आम्ही दवाखान्यापासून एकेका दिशेला चालत गेलो आणि परत आलो. एका बाजूला मोकळं मैदान ओलांडून जवळची वाट होती. आबांना ती पसंत पडली नाही. माणसातली वाट लांब पडली तरी चालेल म्हणाले. कुठं दुकानांची दारं उघडी राहतात, कुठं बायका उंबऱ्यावर बसून निवडण-टिपण करतात, कुठं पाणी साचतं, कुत्री कुठली आहेत, हे ते बघत होते. घराच्या भिंतीकडे त्यांनी बघितलंच नाही.

पण लोक आमच्याकडे बघत होते.

"एकटीच राहणार?"

"व्हय," आबा म्हणायचे.

"मालक कुठं असतात?"

"मालकानं दुसरी केली."

दार लागायचं. तिसऱ्या दारानंतर मी आबांना हळूच म्हणाले, आबा, कंपनीत असतात म्हणून सांगा ना. आबा म्हणाले, "खोटं बोलून वाडा टाकला की पहिल्या रातीच लांडगा येतो."

एका बाईनं दार निम्मं उघडून विचारलं, "बकऱ्या तर नाही ना आणणार?"

"मेंढरं हायेत बाई," आबा म्हणाले, "अन् ती हितं ऱ्हायला तयार नायत."

एका ठिकाणी भाडं आणि वर डिपॉझिट ऐकून आबा रस्त्यातच थांबले. त्यांना ते उमजेना. आमच्यात शेतात मेंढरं बसवली की शेतवाला खताच्या बदल्यात धान्य देतो. बसणाऱ्याला मिळतं. "हितं बसायचं बी आपुन अन् द्यायचं बी आपुनच?" त्यांनी विचारलं.

"आबा, मेंढरं लेंडी टाकत्यात. मी काय टाकनार?"

"तू झाडशील, सारवशील. घोंगडी झटकशील. मेंढरापरीस काय कमी हायेस?"

मला हसू आलं. किती महिन्यांनी आलं होतं देव जाणे. दवाखान्यात कुणी मला हसताना बघितलं नव्हतं.

शेवटी भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळाली. वर पत्रा, बाहेरून जिना, गल्लीकडं एक खिडकी. खाली एक कुटुंब राहत होतं. माणूस गुलमंडीत कापडाच्या दुकानात कामाला होता. त्याच्या कमरेला किल्ली होती. त्यानंच कुलूप काढलं. अंगणातला हौद तोच भरत होता, तुळशीला पाणी तोच घालत होता, गल्लीतल्या पोरांना तोच ओरडत होता. माझ्या नवऱ्याचं ऐकून तो फक्त "बरं" म्हणाला. आबा दोन दिवस थांबले. माझी पाळी सुटल्यावर मला त्या खोलीपर्यंत चालायला लावलं आणि स्वतः मागून चालत आले. जिन्यापाशी मला म्हणाले, "दमली?" मी नाही म्हणाले. "मग हीच."

डिपॉझिटचे पैसे भावाचे होते. त्याच्या लग्नासाठी मेंढरं विकून ठेवले होते, पोरीच्या अंगावर घालायला. पैसे देताना त्यानं ते आबांच्या हातात दिले, माझ्या नाही. कोकरं विकली की आबा ते भरून टाकणार होते.

बोली पक्की झाली म्हणून आबांनी बाजारातून गूळ आणला, त्या खालच्या माणसाला दिला, आपण खाल्ला आणि पैसे त्याच्या हातावर ठेवले. कागद केला नाही. आमच्यात कधी कोणी केला नव्हता. शेतात मेंढरं बसवायची बोली कसणाऱ्याशी होते. सातबाऱ्यावर नाव कोणाचं हे कोणी विचारत नाही. नाववाला असतो दूर शहरात, त्याला मेंढरं आली-गेली कळतही नाही. बांधावर जो उभा, विहिरीवरची मोटर जो चालू करतो, त्याचा शब्द. आबांनी किल्ली बघितली, हौद बघितला, आणि त्यांच्या हिशेबानं तो माणूस कसणारा होता. मी शहरात महिने काढले होते, पण मलाही दुसरं काही सुचलं नाही.

त्या खोलीतले सुरुवातीचे आठवडे मला अजून आठवतात. सकाळी मंडईत भाजीच्या गोण्या सुटत असायच्या, कोथिंबिरीचा वास यायचा. मी भिंतीच्या कडेनं चालत जायची. कोणाला थांबवा म्हणायचं नाही, कोणाच्या मांडीला मांडी नाही. दवाखाना आला की पाय आपले आपण थांबायचे. रात्रपाळीची बाई म्हणाली, "हल्ली लवकर येतीस गं." मला वाटलं, आता माझं बरं होईल.

मग एका सकाळी स्कूटरवरून एक गृहस्थ आले. चष्मा, इस्त्रीचा सदरा. वर बघून म्हणाले, "ताई, तुम्ही कोण?"

मी म्हणाले, भाडेकरू.

"कोणाच्या भाडेकरू? घर माझं आहे."

मी खाली बघितलं. खालचा माणूस हौदापाशी उभा होता. त्याच्या हातातला तांब्या भरून वाहत होता.

गृहस्थांनी त्याला विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. त्याचं स्वतःचं भाडं कितीतरी महिन्यांचं थकलं होतं. मालकानं खाली करायला सांगितलं होतं. वरची खोली दाखवायला म्हणून किल्ली त्याच्याकडे ठेवली होती. आमचे पैसे हातात पडले तसे त्यानं नेऊन मालकाला आपलं थकलेलं भाडं म्हणून दिले.

"म्हणजे पैसे तुमच्याकडंच आलेत की," मी म्हणाले. एवढं कसं बोलले कोणास ठाऊक.

"त्याचे म्हणून आले," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी त्याची पावती दिलीय. तुमचं माझ्याकडं काय आलं? काही नाही. मलाही पोरं शिकवायचीत ताई. डिपॉझिट द्या आणि राहा, नाहीतर रविवारी खोली मोकळी करा."

शनिवारी आबा आले, बरोबर भाऊ. रविवारी मालक आले. आबांनी घोंगडी खाली टाकली, त्यावर बसले आणि हात जोडले. "चूक माझी हाय. पैसे नायत. पर तुमचं शेत असंल तिथं मी वाडा बसवतो. सबंध हंगाम. दाना घेणार नाय. जमीन तुपासारखी करून देतो."

मालक अवघडले. "अहो, मला शेतच नाही."

"कुठं बी असू द्या. पैठणकडं, जालन्याकडं."

"कुठंच नाही हो बाबा."

आबा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. शेत नाही आणि मालक आहे, हे त्यांना कळेना. त्यांच्याजवळ देण्यासारखं एवढंच होतं आणि समोरच्याला ते घेताच येत नव्हतं. इतका हरलेला माझा बाप मी ना त्याआधी बघितला ना नंतर.

भावानं खालच्या माणसाची गचांडी धरली. "माझ्या लग्नाचा पैसा हाय तो! ओक!" तो माणूस प्रतिकार करत नव्हता, मान खाली घालून मार खायला उभा होता. आबा उठले, मध्ये पडले. "सोड. मारल्यानं पैसं निघत्यात व्हय? निघले असते तर मीच मारला असता."

मालकानं वर कुलूप लावलं. माझी पेटी आणि वळकटी अंगणात आली. भाऊ म्हणाला, "चल आता." मला माहीत होतं चल म्हणजे कुठं. चितेगावला वहिनी घेणार नव्हती. पालावर नवी सून येणार होती. राहिलं सासर. मी पेटीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पाळी होती. मी सारखी एकच गोष्ट मनात म्हणत होते, इथून चालत जाता येतं, इथून चालत जाता येतं.

तेव्हा खालच्या माणसाची बायको बाहेर आली. सकाळपासून ती आत रडत होती. कोणाला काही न विचारता तिनं माझी वळकटी उचलली आणि आत नेली.

"आमच्यातच ऱ्हावा ताई," ती म्हणाली. "भाडं मागायला तोंड नाय आमाला."

"चोराच्या घरात ऱ्हातीस आक्का?" भाऊ म्हणाला.

मी मान हलवली. तो थुंकला आणि गल्लीतून निघून गेला. आबा जाताना त्या बाईला एवढंच म्हणाले, "हिला बोलता येत नाय. तुमी विचारत जावा."

त्यांची एकच खोली. नवरा-बायको, तीन लेकरं. मोरीशेजारी जुन्या साडीचा पडदा बांधून तिनं मला जागा दिली. ओल यायची. अंथरूण सकाळी गुंडाळताना जड लागायचं. ती बाई कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलली नाही. त्याचं ताट ती उंबऱ्यापाशी सरकवायची. तो माझ्याकडं कधी बघायचा नाही, पण मी उठायच्या आत माझी बादली भरून ठेवलेली असायची. मी त्याच्यावर रागावायचं म्हणत होते, पण सहा माणसांच्या खोलीत रागावायला जागा नव्हती. रडायचं असलं की नळ मोठा सोडायची.

पैसे बुडाल्याचं पाचोडच्या बाजारात कळलं आणि तिथून पोरीकडच्यांना कळलं. परत आलेल्या बहिणीवर पैसे उधळणाऱ्या घरात त्यांनी पोर दिली नाही. त्या वर्षी कोकरांचे आले ते पैसे वाड्याच्या पोटालाच गेले. मग मी ठरवलं, हे मीच फेडीन. हे ठरवायलाही माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

दर महिन्याला पगार झाला की सुट्टीच्या दिवशी मी पाचोडच्या बाजाराला जायची. भाऊ मेंढरांच्या बाजारात उभा असायचा. मी पैसे पुढं करायची, तो घ्यायचा. एकदा म्हणाला, "तुझ्या खोलीनं माझी नवरी गिळली, आक्का. अन् खोली बी ऱ्हायली नाय. काय खाल्लं कुनी?" परतीच्या गाडीत मला वाटलं, आपण नसतो तर सगळ्यांचं बरं झालं असतं. असं वाटायचं त्या दिवसांत, नाल्याच्या पुलावरून जाताना तर फार वाटायचं. मग पुढं मंडई यायची, दवाखाना यायचा, कोणाचीतरी लेक कळा देत असायची, आणि कामाला लागावं लागायचं.

आबा प्रत्येक वेळी विचारायचे, "किती ऱ्हायले?" मी सांगायची. ते म्हणायचे, "दमली?" मी नाही म्हणायची. ते खोटं होतं.

पुढं खालच्या बाईनं मला त्याच गल्लीत शेजारच्या दगडमातीच्या वाड्यात एक कोपरा मिळवून दिला, या वेळी घरमालकाचं तोंड बघून आणि पावती घेऊन. भावाचंही लग्न झालं, दुसरीकडं, लांबच्या गावात. एका हिवाळ्यात आबा गेले. वाडा तेव्हा अंबडकडं होता. मला निरोप मिळेपर्यंत माती झाली होती. तेव्हा अजून थोडे पैसे राहिले होते.

उन्हाळ्यात मी शेवटचे घेऊन बाजारात गेले. भाऊ निंबाखाली बसला होता, बायको शेजारी, तिच्या मांडीवर लेकरू. मी पैसे दिले. त्यानं मोजले नाहीत. धोतराच्या कनवटीला बांधले, गाठ मारली, पुन्हा एकदा आवळली.

"झाले?" तो म्हणाला.

"झाले."

"आता तुझं देनं नाय, आक्का," तो म्हणाला, आणि भावजयीला म्हणाला, "तिला पानी दे."

मी पाणी प्याले. पैसे सगळे फिटले होते.